चादरीचं दुसरं टोक

दीड वर्षं माझा उजवा खांदा कानाशी जाऊन बसला होता आणि खाली उतरायचं नाव घेत नव्हता. त्याच हाताची मूठ कायम अर्धवट मिटलेली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले, नसांच्या डॉक्टरांनी सुया टोचून पाहिल्या, आणि दोघांनीही हाताला काहीही झालेलं नाही असा निकाल दिला. हाताने तो निकाल काही मनावर घेतला नाही. शेवटी मी काम करते त्या लाँड्रीच्या डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, या बाई अंगात साठून राहिलेल्या भीतीवर काम करतात, जाऊन बघा. मला वाटलं, आता हेही मला वेडी ठरवून हात झटकताहेत.

चष्म्याच्या दुकानावर त्यांची खोली होती. दोन खुर्च्या, जाड गालिचा, खिडकीला फिकट पडदा आणि कोपऱ्यातल्या फडताळात टॉवेलांचा ढीग. त्या टॉवेलांच्या घड्या इतक्या वाईट होत्या, की बाई पन्नाशीच्या आहेत, हळू बोलतात आणि पायांत नुसते मोजे घालून वावरतात, हे माझ्या नंतर लक्षात आलं. बावीस वर्षं मी चादरींच्या घड्या घातल्या आहेत. लोक माणसाचा चेहरा बघतात, मी काठ बघते.

पहिल्या दिवशी मी अपघाताबद्दल सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला थांबवलं. ते नंतर, म्हणाल्या, आत्ता अंगात कुठे काय जाणवतंय तेवढं सांगा. मी म्हटलं, खुर्चीची पाठ टोचतेय. छान, तिथूनच सुरुवात करू, म्हणाल्या. मग पाऊण तास मी पायांचे तळवे जमिनीला टेकवून बसले, मान वळवून वळवून खोलीतल्या वस्तू पाहिल्या आणि श्वास कुठपर्यंत जातो ते सांगितलं. एवढ्यासाठी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. पण अपघातानंतर कठडा धरल्याशिवाय मी एकही जिना उतरले नव्हते, आणि त्या दिवशी खाली रस्त्यावर आल्यावर मला कळलं, की आपण कठडा धरलाच नाही.

माझं सांगायचं तर आधी चादरीचं सांगावं लागेल. आमच्याकडे इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. धुवून पिळून निघालेली चादर म्हणजे नुसता ओला गोळा. तो दोघींनी मिळून सोडवायचा, ताणायचा, झटकायचा, मग एकीने पुढचं टोक वाफेवर तापलेल्या रोलरला लावायचं आणि दुसरीने मागचं टोक ताणून धरायचं, म्हणजे चादर सुरकुती न पडता आत जाते. रोलरजवळ माझी वहिनी असायची आणि मागे मी. लहानपणी मी दादाच्या मागे मागे फिरायचे म्हणून तो मला शेपूट म्हणायचा. लग्न होऊन आल्यावर वहिनीने ते नाव उचललं, आणि लाँड्रीत तर ते पक्कंच झालं, कारण चादरीचं शेपूट माझ्याच हातात असे.

तिथे आवाज इतका, की स्वतःची शिंक ऐकू येत नाही. म्हणून आमच्याकडच्या जोड्या तोंडाने बोलत नाहीत, चादरीतून बोलतात. एक हिसका म्हणजे धर. लागोपाठ दोन हिसके म्हणजे सोड, माझ्याकडे नीट आलंय. नवीन बाई आली की तिला आधी हेच शिकवायचं. वहिनीचा हिसका मनगटातून यायचा, हलका आणि आखूड. डोळे बांधून उभं केलं तरी शंभर जणींत ओळखीन, असं मी ऐटीत सांगायचे.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. हात तिला लागला की यंत्र आपोआप थांबायला हवं. त्या आठवड्यात ती बिघडली होती, सारखी उगाच थांबवत होती, म्हणून कुणीतरी चिंधीने बांधून टाकली होती. वहिनीला काठाचा एक वेढा मनगटाला घ्यायची सवय होती, पकड चांगली बसते म्हणून. सकाळचे अकरा वाजले असतील. मला दोन हिसके आले आणि मी सोडलं. चादर सरकन आत गेली आणि तिच्याबरोबर वहिनीचा हात गेला. रोलरवाल्याने लाल बटण दाबलं, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तीन दिवस ती इस्पितळात शुद्धीवर न येता पडून होती आणि मग गेली.

चौकशीत रोलरवाला म्हणाला की बटण दाबायला आणखी दोन सेकंद मिळायला हवे होते. मागचं टोक धरलेलं राहिलं असतं तर तेवढे मिळाले असते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वहिनीनेच दोन हिसके दिले, म्हणून सोडलं. चौकशी करणाऱ्या साहेबांना माझं वाक्य फार आवडलं. पट्टीचा आणि चिंधीचा उल्लेख त्यांनी एका ओळीत उरकला आणि खाली लिहिलं, इशारा चुकीचा दिला गेला, चूक मयताची. दादाने तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि एवढंच म्हणाला, की तिची चूक कधी होत नसे. तो माझ्याशी भांडला नाही, अबोलाही धरला नाही. चहा विचारायचा, हाताची चौकशी करायचा. फक्त त्यानंतर त्याने मला शेपूट म्हणून कधी हाक मारली नाही, आणि ते मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

ते दोन हिसके खरंच तिचे होते का, हे मला कळायला हवं होतं आणि कळायला नकोही होतं. होते, तर मी सुटले. नव्हते, तर मी माझ्या वहिनीला आधी मारलं आणि मग मेलेल्या बाईवर खोटा आळ घेतला.

पाचव्या बुधवारी बाईंनी पद्धत समजावली. मोठा धक्का बसतो तेव्हा अंगाची एखादी हालचाल अर्धीच राहून जाते, आणि अंग तिथेच अडकून बसतं, त्यांनी सांगितलं. ती हालचाल गोगलगायीच्या चालीने, थांबत थांबत पुरी होऊ द्यायची. थरथर सुटली तर सुटू द्यायची. जड झालं तर लगेच परत यायचं, तळवे जमिनीला, नजर खिडकीकडे. त्यांनी फडताळातून एक टॉवेल काढला, एक टोक मला दिलं आणि दुसरं स्वतः धरायला लागल्या. मी टॉवेल खाली टाकला. दुसऱ्या टोकाला मी कुणालाही उभं करणार नाही, असं म्हटलं आणि माझा आवाज मलाच परका वाटला. त्यांनी काही हट्ट धरला नाही. रिकाम्या हातांनी करू, म्हणाल्या.

मी उभी राहिले आणि हात पुढे केले, जसे कामावर करायचे तसे, अंगठे वर, काठ बोटांत धरल्यासारखे. नुसती हवा. मला हसू येत होतं. मग बाईंनी सांगितल्याप्रमाणे हात इंच इंच मागे घ्यायला लागले, आणि तिसऱ्या की चौथ्या इंचाला हवा ताणली गेली.

दुसरे शब्द नाहीत माझ्याकडे. बावीस वर्षांत चादर कधी सैल आहे आणि कधी ताणलेली आहे हे कळायला मला डोळे लागत नाहीत. समोर पडदा होता, खिडकी होती, भिंत होती, आणि माझ्या हातांतलं टोक दुसरीकडून कुणीतरी धरलेलं होतं. मी जागची हलले नाही. मग आला. हलका, आखूड, मनगटातून. एक.

मी किंचाळले असणार, कारण बाई माझ्या बाजूला येऊन माझं नाव घेत होत्या आणि खिडकीचे गज मोजायला सांगत होत्या. मी बसले, पाणी प्यायले. बाईंनी समजूत घातली, की अंगाची आठवण मनाच्या आठवणीपेक्षा ताजी असते, असं पुष्कळांना होतं. मग त्यांनी माझा उजवा तळवा पाहिला आणि बोलायच्या थांबल्या. तळव्यावर आडवी लाल रेघ उमटली होती, आणि तिच्यावर बारीक तिरके टाके. आमच्या चादरींच्या काठाला तशीच शिवण असते. बाईंनी कधी लाँड्री पाहिली नव्हती, मी त्यांना शिवणीबद्दल काही सांगितलं नव्हतं. तुम्ही मूठ फार घट्ट आवळली होती, म्हणाल्या, पण आपल्या नखांचे ठसे तिरक्या टाक्यांसारखे उमटत नाहीत हे त्यांनाही कळत होतं.

त्या आठवड्यात मी ठरवलं की पुन्हा जायचं नाही. हात निकामी झाल्यापासून लाँड्रीने मला नंबराच्या पट्ट्या शिवायला टेबलावर बसवलं होतं, ते काम बरं होतं. सोमवारी दुपारी मांडीवर चादर घेऊन पट्टी शिवत होते, चादरीचं उरलेलं अंग टेबलावरून पलीकडे खाली लोंबत होतं. पलीकडून एक हिसका आला. मला वाटलं कुणाचा तरी पाय अडकला. टेबलाखाली वाकून पाहिलं तर फरशी आणि दोऱ्याचे तुकडे. चादर मांडीवर ओढून घेतली, घडी घातली आणि घडीवर बसून राहिले. थोड्या वेळाने माझ्याखाली ती घडी एकदाच ओढली गेली. धर. दीड वर्षं या अर्धवट मिटलेल्या मुठीतून तोच एक शब्द कुणीतरी मला सांगत होतं आणि मी दुसरीच गोष्ट कागदावर लिहवून बसले होते. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली.

बुधवारी गेले. बाईंना सांगितलं, की आज मध्येच थांबवू नका. त्या म्हणाल्या, तुम्ही थांब म्हणालात तर थांबेन. गालिच्यावर मोजे काढून उभी राहिले. बाई खिडकीपाशी न थांबता माझ्या बाजूला भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. दुसऱ्या टोकाची जागा त्यांनी मोकळी ठेवली, हे मी बघितलं.

हात मागे येऊ लागले आणि हवा ताणली गेली. ओल्या कापडावर वाफ बसल्याचा वास आला, खालच्या दुकानात वाफ कुठून येणार. मग पहिला हिसका आला. हलका, आखूड. तिचाच. माझ्या अंगाने तो ओळखला आणि मला रडू फुटलं, कारण दीड वर्षात तिच्याकडून आलेली गोष्ट मी पहिल्यांदाच न घाबरता घेत होते.

मग दुसरा आला.

त्या दिवशी दोन्ही हिसके डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात आले होते, म्हणून मी त्यांना लागोपाठचे दोन समजले. आता गोगलगायीच्या चालीने ते वेगवेगळे झाले. दुसऱ्याला मनगट नव्हतं. तो सुरू झाला आणि संपला नाही, एकाच ताकदीने ओढत राहिला, जसं फक्त यंत्र ओढतं. वहिनीने एकच हिसका दिला होता. धर म्हणाली होती. दुसरा रोलरने दिला होता.

माझी बोटं सवयीने उघडायला लागली. मी ती उघडताना पाहिली. बाई शेजारून म्हणाल्या, "इथेच थांबा. या हाताला काय करायचं होतं?"

"धरायचं होतं," मी म्हटलं.

"मग धरू द्या त्याला."

मी धरलं. सगळं अंग मागे टाकून धरलं. खांद्यात आग पेटली, दात एकमेकांवर घासले, पायांखालचा गालिचा गोळा व्हायला लागला आणि मी पुढे ओढली जाऊ लागले, तरी धरलं. रोलरवाल्याचे दोन सेकंद होऊन गेले, वीस होऊन गेले. मी मोठमोठ्याने वहिनीला सांगत होते की धरलंय, धरलंय गं, काढ हात. मग ते ओढणं एकदम बंद पडलं, लाल बटण दाबल्यावर पडतं तसं. चादर मात्र ताणलेलीच होती. दुसऱ्या टोकाला कुणीतरी उभंच होतं आणि घाई करत नव्हतं.

थोड्या वेळाने मनगटातून दोन आले, लागोपाठ.

मी विचारलं, सोडू? बाईंना वाटलं त्यांना विचारतेय. त्यांनी उत्तर दिलं नाही, ते बरं केलं. मी बोटं उघडली. काहीतरी हातांतून सरकत गेलं, बराच वेळ सरकत राहिलं, शेवटी काठ बोटांच्या टोकांना चाटून गेला. खांदा कानापासून खाली आला. मी गालिच्यावर बसले आणि अर्धा तास नुसती थरथरत होते.

बाईंनी माझ्या अंगावर टॉवेल घातला. गालिचा खिडकीच्या बाजूला गोळा झालेला होता. बाईंचा चेहरा उतरला होता. त्यांनी सांगितलं की त्या मला खोटं सांगणार नाहीत, त्यांच्या अभ्यासात बसेल असंही काही सांगणार नाहीत. "तुम्ही फार मागे झुकला होतात," त्या म्हणाल्या. "तेवढं मागे झुकून माणूस उभा राहत नाही. पुढून कुणीतरी धरावं लागतं." एवढं बोलून त्या पाणी आणायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. तोवर मी फडताळातल्या सगळ्या टॉवेलांच्या घड्या नीट घातल्या. दोन्ही हातांनी.

रविवारी दुपारी दादाकडे गेले. दादा शिवणयंत्रं दुरुस्त करतो, घरातल्या पुढच्या खोलीत त्याचं टेबल आहे. भाची शिकवणीला गेली होती. तो एका यंत्राला तेल देत होता. माझा खांदा पाहून त्याने भुवया उंचावल्या, बरं वाटतंय का विचारलं. मी म्हटलं, आधी ऐकून घे. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरले आणि सरळ सांगून टाकलं, की दुसरा हिसका तिचा नव्हता. तिने धर म्हणून सांगितलं होतं आणि मी सोडलं. तिची चूक नव्हती, माझी होती, आणि मी ती तिच्या नावावर लिहून दिली. शेवटचे दोन हिसके मी सांगितले नाहीत. स्वतःला माफी देऊन मग भावाकडे आले असं झालं असतं.

दादाने तेलाची बाटली खाली ठेवली. त्याचं टोपण बसवलं. मला वाटलं, आता जा म्हणेल. तो म्हणाला, "एक म्हणजे धर?"

मी मान हलवली.

मग तो सांगायला लागला, हातावरचं तेल फडक्याला पुसत. इस्पितळात तिचा उजवा हात बांधलेला होता आणि डाव्याला सुया लावलेल्या, म्हणून हात हातात घेता येत नव्हता. तिच्या डाव्या बोटांत पांघरलेल्या चादरीचा काठ अडकलेला असायचा. दादा बाजूला बसून त्याच काठाचं पुढचं टोक धरून ठेवायचा, तेवढाच आधार. आणि ती ओढायची. एकदा ओढायची, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा. नर्स म्हणाल्या की बेशुद्धीत स्नायू उडतात, त्याला अर्थ नसतो. दादाला आमची भाषा कुठे येत होती. तरी प्रत्येक वेळी तो चादर आणखी घट्ट धरायचा. तीन दिवस जेवायलासुद्धा उठला नाही.

"शेवटच्या सकाळी दोन दिले," दादा म्हणाला. "लागोपाठ."

यंत्राचं चाक त्याच्या कोपराच्या धक्क्याने थोडं फिरून थांबलं. मी विचारलं, मग?

"मग मी सोडली. का सोडली ते मला कधी कळलं नाही. हात आपोआप उघडला, आणि ती गेली. तेव्हापासून हेच डोक्यात, की मी धरून ठेवली असती तर." त्याने स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. "तुला कुठल्या तोंडाने बोल लावणार होतो मी."

मग मीही सांगितलं. बुधवारी मलाही दोन आले, म्हटलं, तिच्याच मनगटातून. मीही सोडलं, पण या वेळी तिने सांगितल्यावर.

दादाने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. मग उठून त्याने कपाटातून तो चौकशीचा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. घडीवर घडी घालून कागद चार ठिकाणी फाटायला आला होता. शेजारी त्याने पेन ठेवलं.

"लिही, शेपटे," तो म्हणाला. "पट्टी, चिंधी, सगळं लिही. आणि तिने एकच दिला होता, ते आधी लिही."

मी उजव्या हाताने पेन उचललं. कागद वाऱ्याने उडत होता, म्हणून दादाने त्याचं दुसरं टोक बोटाने दाबून धरलं, आणि मी लिहायला लागले.